सहीचं तिसरं कडवं

आबांनी पाटीवर लिहिलं, ‘दहा वाजले.’ नातीने, प्रितीने, वाचलं न वाचलं तोच त्यांनी ते अंगठ्याने पुसूनही टाकलं.

नऊ दिवस आबा बोलले नव्हते. भोईवाड्यातल्या त्या दीड खोलीच्या घरात पहाटेपासून त्यांचं खाकरणं, गुणगुणणं, कुणाला तरी हाक मारणं चाललेलं असायचं. आता पेन्सिलीची कुरकुर तेवढी ऐकू यायची. गळ्यात होता नव्हता तो आवाज त्यांनी साठवून ठेवला होता. मे महिन्यात चाळीत पाणी साठवतात तसा. हंड्यात, कळशीत, शेवटी तांब्यातसुद्धा. उद्या सकाळी सात वाजता त्यांना इस्पितळात भरती व्हायचं होतं आणि दुपारी त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. “जीव वाचेल, आजोबा. आवाज नाही वाचणार.”

आबांनी तेव्हा एकच विचारलं होतं. “जायच्या आधी गाता येईल का?”

“तासभर. तेही थांबून थांबून. ताण दिलात तर सूज येईल, श्वास अडकेल. मग सकाळची वाट न बघता धावत आणावं लागेल तुम्हाला.”

तासभर म्हणजे बारा गाणी. भोईवाड्याच्या गायन पार्टीत पन्नास वर्षं उभं राहून म्हटलेल्या स्वतःच्या गाण्यांतून आबांनी, म्हणजे बुधाजी शाहिरांनी, बारा निवडली, कॅलेंडरच्या पाठीवर त्यांची नावं लिहिली आणि ते कॅलेंडर उलटं करून भिंतीला टांगलं. बारावं, सगळ्यात शेवटचं नाव ‘सही’. त्याखाली दोन रेघा.

आज तो तास होता.

काळाचौकीहून भिवानाना पेटी घेऊन टॅक्सीने आले होते. आबांचे जन्माचे पेटीवाले; एका कानात यंत्र, तोंडात सुपारी. “बुधाजी, तू नऊ दिवस गप्प बसलास हे चाळीत कुणाला खरं वाटत नाहीये,” म्हणून ते हसले होते, आणि हसता हसता घाईघाईने पेटीचा भाता पुसू लागले होते. प्रितीच्या आईने, शैलाने, पंखा बंद केला होता. शेजारणीला मिक्सर लावू नको म्हणून सांगून आली होती. कुकरची शिट्टी नको म्हणून आज उपम्यावर भागवायचं होतं. प्रितीचे पप्पा उद्याच्या भरतीच्या कामासाठी इस्पितळात गेले होते.

प्रितीकडे एकच काम होतं. वहीतली पानं टॅबवर मोठी करून आबांच्या समोर धरायची. पाठ असलेलं गाणंही आबा वही समोर ठेवूनच म्हणायचे. “कागद दिसला की गळा मोकळा होतो,” म्हणायचे. पण वह्या आता घरात नव्हत्या. कागद बिस्किटासारखा तुटायला लागला, तेव्हा फेब्रुवारीत प्रितीने दोन्ही वह्यांचे फोटो काढले. दोनशे छत्तीस पानं. खिडकीतल्या उजेडात, एकेक पान सुरीच्या पात्याने उचलून. ते झाल्यावर आबांनी काय करावं? चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, दोन्ही वह्या उसवल्या. ज्याच्या आईवर गाणं होतं त्याच्या घरी ते पान, ज्या साथीदाराची चाल होती त्याच्या घरी ते पान. निळा फेटा बांधून दारोदार वाटून आले. “आता सगळं मोबाईलमध्ये आहे. कागद लोकांचा.”

प्रितीने टॅबवर ‘आबांची वही’ हा अल्बम उघडला.

अल्बम रिकामा होता.

तिने टॅब बंद करून पुन्हा चालू केला. मग स्वतःचा फोन काढला. तिथेही तेच, नाव होतं, आत काही नव्हतं. आबा तिच्याकडेच बघत होते. ती हसली. “आबा, नेट स्लो आहे. दोन मिनिटं हं,” म्हणून बाहेर सज्जात आली. तिथून तिने सम्यकदादाला फोन लावला. तिचा थोरला भाऊ परळच्या एका कंपनीत कम्प्युटरचंच काम बघायचा.

“दादा, वहीचे फोटो दिसत नाहीयेत.”

“कुठे दिसत नाहीयेत?”

“कुठेच! टॅबवर नाहीत, फोनवर नाहीत.”

“ज्या फोनने काढलेस त्यात असतील ना.”

“तो मी मेमध्ये एक्सचेंजला दिला रे. सगळं वरती सेव्ह झालंय असं दाखवत होतं, म्हणून दिला.”

“वरती म्हणजे कुठल्या अकाउंटवर?”

“घरच्या.”

घरचं अकाउंट म्हणजे पप्पांनी दहा वर्षांपूर्वी काढलेलं. पासवर्ड कुणी विसरायला नको म्हणून तेच पप्पांच्या फोनवर, आईच्या, प्रितीच्या, आबांच्या, आणि टॅबवरही.

“प्रिती, नीट ऐक. एका फोनवरून कुणी डिलीट केलं की सगळीकडून जातं.”

“पण बॅकअप होता ना!”

“तो बॅकअप नव्हता गं. एकच पान पाच खिडक्यांतून दिसत होतं. बॅकअप म्हणजे दुसरं पान, दुसऱ्या घरात.” त्याचा आवाज चढला, मग त्यालाच ते कळलं. “बरं. ट्रॅश बघ. दोन महिने राहतं तिथे.”

प्रितीचा अंगठा घामाने सरकत होता. ट्रॅशमध्ये फोटो होते. तिने घाईघाईने खाली आकडा वाचला. छत्तीस.

“छत्तीसच आहेत, दादा. वर काहीतरी लिहिलंय. दहांवर ‘एक दिवस’, दहांवर ‘दोन दिवस’...”

“रिस्टोअर कर! सगळे सिलेक्ट कर आणि रिस्टोअर! तेवढे दिवस राहिलेत त्यांचे.” ते झाल्याचं तिने सांगितल्यावर तो हळू म्हणाला, “दहा-दहाचे गठ्ठे. कुणीतरी रोज नेमाने काढलेत बघ. ज्यांचे दोन महिने भरले ते गेले. दोनशे गेले.”

रोज, नेमाने. प्रितीला ते नाव ओठांवर आणायचं नव्हतं.

आत आली. आबा पेटीवर सूर धरून बसले होते, न गाता, नुसता हात हलवत. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “आबा, तुमच्या मोबाईलमध्ये वहीचे फोटो दिसायचे ना तुम्हाला?”

आबांनी मान डोलावली. पाटी पुढे ओढली. मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं: ‘मीच काढले. मोबाईल भरला म्हणत होता. रोज दहा, चहा झाल्यावर. तुझ्याकडे आहेतच.’

आणि शाबासकी मागणाऱ्या मुलासारखे हसले. अंगठा दाखवला. कसं पान दाबून धरायचं, कसं खालच्या टोपलीत टाकायचं, ते हवेत करून दाखवलं. मग त्याच अंगठ्याने पाटी पुसली.

“हो,” प्रिती म्हणाली. “माझ्याकडे आहेतच.”

शैलाने उपमा ढवळता ढवळता लेकीचा चेहरा बघितला आणि गॅस बंद केला.

*

परत मिळालेल्या छत्तीस पानांत बारापैकी चार गाणी होती. तिसरं, चौथं, सातवं, नववं. प्रितीने कॅलेंडरकडे न बघता सांगितलं, “आबा, आपण तिसऱ्यापासून सुरू करू. टॅब नाटकं करतोय, पुढची पानं लोड व्हायला वेळ लागेल.”

आबांच्या कपाळावर आठी पडली. पाटीवर लिहिलं, ‘पहिलं भोंगा.’

“भोंगा नंतर घेऊ ना.”

“अरे, घे की तिसऱ्यापासून,” भिवानाना म्हणाले. “लग्नात कधी तू क्रमाने जेवलास? पहिली जिलबी, मग वरणभात.”

आबा नाइलाजाने सरसावले. प्रितीने फोनवर रेकॉर्डिंग लावलं, टॅब धरला. भिवानानांनी काळी दोन दाबली. नऊ दिवसांचं साठवलेलं पाणी हंड्याच्या काठावर आलं, थरथरलं, आणि ओतलं गेलं.

आवाज फाटका होता. कडेला काटे उगवल्यासारखा. पण मध्ये, एखाद्या ओळीच्या मध्ये, तो असा मोकळा व्हायचा की भिवानानांची बोटं थबकायची. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात लेकराला खांद्यावर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईचं ते गाणं. चार मिनिटं. संपलं तेव्हा आबांनी गळ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटं थांबायचं होतं.

दहा मिनिटं. प्रिती सज्जात पळाली.

कुठलं पान कुठल्या घरी गेलं हे आबांना तोंडपाठ होतं, पण त्यांना विचारता येत नव्हतं. म्हणून आईला विचारावं लागलं. शैला दाराआड उभी राहून कुजबुजत सांगत होती, “भोंगा काळाचौकीला, आत्मारामच्या सुनेकडे. दुसरं नायगावला, प्रज्ञाकडे. पाचवं इथेच, तिसऱ्या मजल्यावर.” मग तिने प्रितीचा दंड धरला. “आणि तू सांगणारेस का त्यांना?”

“आज नको. आज त्यांना फक्त गाऊ दे.”

“मग हस जरा. तोंड बघ आरशात.”

काळाचौकीची सून म्हणाली, “अगं, ते तर आम्ही फ्रेम करून लावलंय! थांब, स्टूल घेते.” नायगावची प्रज्ञा म्हणाली, “सासूबाईंनी विहारात नेलंय गं, वर्षावासाचं वाचन चालू आहे ना, सगळ्यांना दाखवायला. त्या उठल्याशिवाय कसं आणू? आणि त्या लवकर उठत नाहीत, तुला माहितीये.” तिसऱ्या मजल्यावरच्या घराला कुलूप होतं. प्रितीने खिडकीतून बघितलं. आत, टीव्हीच्या वर, पान दिसत होतं. अक्षरं मुंग्यांएवढी. तिने फोनचा कॅमेरा जाळीला टेकवून मोठं केलं, पुन्हा मोठं केलं, श्वास रोखून बटण दाबलं.

असे चार थांबे झाले, चार गाणी झाली. साडेबारा वाजले होते. प्रितीच्या फोनवर आता सहा घरांतली सहा पानं होती. एकावर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी पडलेली, एक लॅमिनेशनखाली सुरकुतलेलं. एक गाणं मिळालंच नाही. ते ज्यांच्या घरी होतं ते गावाला गेले होते आणि फोन बंद. पण त्याची चाल नि शब्द भिवानानांना येत होते, असं त्यांनीच डोळे मिचकावून प्रितीला सांगितलं. म्हाताऱ्याला सगळं समजलं होतं. कानातलं यंत्र बंद असलं तरी.

राहिलं एकच. ‘सही’. ते पान शीवला होतं, सीमाताईंकडे. सीमाताई शाळेत शिकवायच्या, फोन उचलत नव्हत्या.

“पाचवं,” प्रिती म्हणाली आणि टॅब आबांपुढे धरला.

आबा गायला तोंड उघडून थांबले. चष्मा वर केला. टॅबच्या अगदी जवळ गेले. पानाच्या कडेला खिडकीची जाळी दिसत होती. पानाखाली टीव्हीची काळी कड. काचेत प्रितीचं स्वतःचं प्रतिबिंब, फोन धरलेलं.

पाटीवर लिहिलं: ‘हे तिसऱ्या मजल्यावर आहे.’

आबांनी ते पुसलं. पुन्हा लिहिलं: ‘वहीचा फोटो दाखव.’

“आबा...”

‘दाखव.’

“नाहीयेत,” शैला म्हणाली. तिला आणखी धरवेना. “आबा, नाहीयेत. पाची फोनांत एकच होतं ते. एकीकडून पुसलं की सगळीकडून गेलं. पोरीला माहीत नव्हतं. तुम्हाला तर नव्हतंच.”

आबांनी पेन्सिल उचलली. बराच वेळ ती पाटीवर टेकलेली राहिली, हलली नाही. मग एकच अक्षर आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

‘मी?’

प्रितीने त्यांचा हात धरायला हात पुढे केला, तर आबांनी हात मागे ओढला. उजवा अंगठा मुठीत दाबून धरला. त्यांच्या छातीतून एक वेगळीच घरघर आली, मग खोकला. खोकला थांबेना. मान पुढे, डोळे लाल, गळ्याची शीर दोरीसारखी ताठ. शैलाने कोमट पाणी पुढे केलं, ते सांडलं. भिवानाना पाठीवरून हात फिरवत होते, “बुधाजी, श्वास घे. घे रे बाबा, श्वास घे.” प्रितीने इस्पितळाचा नंबर काढून ठेवला, अंगठा हिरव्या बटणावर.

श्वास आला. पातळ, शिट्टीसारखा. पण आला.

“बस झालं,” शैला म्हणाली. “प्रिती, बंद कर ते रेकॉर्डिंग. चार झालीत, चार पुरेत. माणूस राहिला पाहिजे.”

प्रितीने फोन उचलला. आईचं खरं होतं. बाहेर सज्जात कुणीतरी बादली आपटली आणि शेजारीण तिच्यावर ओरडली, “हळू की गं, तिथे शाहीर गातायत!”

आबांनी ते ऐकलं. पेन्सिल घेऊन पाटीवर दोनदा ठोकली, मास्तर वर्गाला ठोकतात तशी. मग नऊ दिवसांत पहिल्यांदा, गाण्याबाहेर, बोलले.

“भिवा. पाचवं. काळी दोन.”

*

शेवटाकडे आबांनी थांबे वाढवले. एका गाण्यानंतर पंधरा मिनिटं, मग वीस. भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे, मुठीत अंगठा. ‘भोंगा’ म्हणताना प्रितीला भीती वाटली, कारण त्यात वरचा सूर होता. आबांनी तो घेतला नाही. तिथे ते नुसते थांबले, आणि भिवानानांनी पेटीवर तो सूर एकट्याने वाजवला. गिरणीचा भोंगा थांबला तरी कान जागे राहतात अशी ती ओळ होती. प्रितीला वाटलं, गाणं असंच असायला हवं होतं पहिल्यापासून.

अकरा झाली. दुपारचे सव्वातीन. सम्यक ऑफिसातून अर्धी रजा टाकून आला होता, खिशात छोटी काळी हार्ड डिस्क. दारात चपला काढता काढता त्याने प्रितीला हळूच विचारलं, “सही?”

तिने मान हलवली. त्याच क्षणी फोन वाजला.

“अगं, शाळेत फोन पर्समध्ये असतो, आत्ता घरी आल्यावर बघितला,” सीमाताई धापा टाकत बोलत होत्या. “सतरा मिस्ड कॉल बघून जीव गेला माझा. बुधाजीकाका बरे आहेत ना?”

सीमाताईंचे वडील, जयवंत मास्तर, पूर्वी चाळीच्या तळमजल्यावर बायांचा वर्ग चालवायचे. दिवसभर राबून आलेल्या बायका कंदिलापुढे पाट्या घेऊन बसायच्या. त्यांत मनू होती. आबांची बायको, प्रितीची आजी. राजरत्नला शाळेत घालायला गेली तेव्हा हेडमास्तरांनी शाईची डबी पुढे सरकवली. मनूने ती मागे सरकवली, पेन मागितलं आणि आपलं नाव लिहिलं. राजरत्न म्हणजे प्रितीचे पप्पा. ती सही झाली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. त्याच दिवशी आबांनी गाणं बांधलं. मनूला जाऊन नऊ वर्षं झाली. गाणं तिच्यावर होतं, म्हणून पान तिला शिकवणाऱ्याच्या घरी गेलं.

पाच मिनिटांनी फोटो आला. सुंदर फ्रेम, सोनेरी काठ. दोन कडवी स्पष्ट.

“ताई, तिसरं कडवं मागच्या बाजूला असेल,” प्रिती म्हणाली. “पान उलटून काढा ना.”

मग सीमाताईंचा बारीक आवाज. “अगं, ते पान खूप नाजूक झालं होतं. फ्रेमवाला म्हणाला, असं टिकणार नाही. म्हणून त्याने मागून पूर्ण गोंद लावून प्लायला चिकटवलं. काढायला गेलं तर फाटेल गं.” मग रडवेल्या सुरात, “आम्ही जपायला म्हणून केलं.”

प्रितीने आत येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. आज पुन्हा खोटं बोलायची ताकद तिच्यात नव्हती.

आबांनी टॅब स्वतःच्या हाताने जवळ ओढला. भिवानानांनी सूर धरला, आणि आबा गाऊ लागले, इतक्या हळू की प्रितीने फोन त्यांच्या हनुवटीपाशी नेला.

अंगठ्याच्या रेघा बाई, रेघांत नाही नाव,
शाळेच्या वहीत मनू शोधी आपला ठाव.

शैला ओट्याला टेकून उभी होती. सासूची आठवण आली की ती पदराचं टोक चावायची, तसं चावत होती.

पाटीवर पेन्सिल बाई, करी कुरकुर,
‘म’ काढता काढता डोळ्यां आला पूर.

‘पूर’वर आवाज तुटला. आबांनी पुन्हा श्वास घेतला, तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा घेतला. पुन्हा हवा. भिवानाना पेटी वाजवत राहिले, तीच ओळ, पुन्हा तीच, वाट बघत. त्यांनीच मग कडवं उचलायचा प्रयत्न केला, “दप्तर घेऊनी... लेक निघाला...” आणि आबांनी हात वर करून थांबवलं. जोरजोरात मान हलवली.

“दप्तरच होतं रे,” भिवानाना कुरकुरले. “मी चाळीस वर्षं वाजवलंय.”

आबांनी कपाळावर हात मारला, म्हणजे तू चाळीस वर्षं चुकीचं ऐकलंस. पण खरं काय होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं. डोळे छताकडे गेले, भिंतीवर फिरले, कॅलेंडरवरच्या त्या दोन रेघांवर थांबले. प्रितीला ते शोधणं बघवेना. आवाज संपला होता. तांब्याचा तळ दिसत होता.

“आबा, राहू दे,” ती म्हणाली. “दोन कडवी झाली ना. दोन पुष्कळ आहेत.”

आबांनी पाटी घेतली. मांडीवर ठेवली. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, जसं मनू लावत असेल, आणि लिहायला लागले. एक शब्द लिहून थांबायचे, बोटांनी मांडीवर मात्रा मोजायचे, भिवानानांच्या भात्याकडे बघायचे, पुन्हा लिहायचे. बाहेर चाळीत दुपार उतरत होती. फोनवरच्या रेकॉर्डिंगचे सेकंद पळत होते, आणि त्यात आता फक्त पेटी होती आणि पेन्सिलीची कुरकुर.

त्यांनी पाटी भिवानानांकडे वळवली.

भिवानानांनी वाचलं. सुपारी गालात सरकवली. खाकरले, आणि त्यांच्या कधीच न गाणाऱ्या, घोगऱ्या आवाजात म्हटलं.

एक अक्षर माझ्यापाशी, एक शेजीच्या घरी,
माझं पुसलं तर बाई, मागू तिच्या दारी.

“हे जुनं नाही,” ते पेटी थांबवून म्हणाले. “हे आत्ताचंय.”

आबा हसले. सकाळनंतर पहिल्यांदा. मूठ उघडली होती. रेकॉर्डिंग थांबवायला प्रितीने हात पुढे केला आणि तेवढ्यात सवयीने आबांचा अंगठा पाटीकडे गेला. ओला, पांढरा पडलेला अंगठा, ‘एक अक्षर’वर टेकणार इतक्यात प्रितीने त्यांचं मनगट धरलं.

“थांबा, आबा.”

अंगठा अधांतरी राहिला. आबांनी अंगठ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि हळूच हात मांडीवर परत घेतला.

सम्यकने पाटीचा फोटो काढला. मग प्रितीने. मग भिवानानांनी त्यांचा डबडा फोन काढून शैलाला म्हटलं, “माझ्यातही काढ गं. मला येत नाही.” सम्यकने बाराही गाणी हार्ड डिस्कवर उतरवली, एक पेनड्राइव्ह भिवानानांच्या पेटीच्या खणात टाकला. “काळाचौकीला जाऊ दे. इथे नको सगळं.” मग त्याने आबांचा फोन घेतला, त्यातलं घरचं अकाउंट काढलं आणि त्यांच्या स्वतःच्या नावाचं नवं उघडून दिलं.

शैलाने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. त्या खिळ्यावर पाटी अडकवली. आधी वाकडी अडकली, मग तिने सरळ केली.

आबांना काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी पाटी शोधायला मांडीवर हात फिरवला, आणि पाटी भिंतीवर होती. तोंड उघडलं, नुसती हवा. मग त्यांनी प्रितीचा पंजा ओढून घेतला, उलटा केला, आणि तिच्या तळहातावर बोटाने सावकाश लिहिलं. अक्षर अक्षर. तिला गुदगुल्या झाल्या आणि रडू आलं, दोन्ही एकदम.

“काय म्हणतायत?” शैलाने विचारलं.

प्रितीने डोळे पुसले. “उद्या बरोबर न्यायला पाटी हवीये म्हणतायत. खालच्या दुकानात मिळेल.”

शैलाने पायात चपला सरकवल्या.

“आई,” प्रिती म्हणाली. “दोन आण.”